वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च, १८६० – २६ ऑक्टोबर, १९३०) हे कॉलरा व प्लेग या रोगांवरील लसी तयार करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस शोधली व १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

प्लेगची लस

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरल्यावर ते ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करू लागले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते जंतू वाढवीत आणि नंतर उष्णतेने मारीत. १० जानेवारी, १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

मुल्कोवाल प्रकरण

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाटली परळमध्येच दूषित झाली, असा ठपका चौकशीत ठेवला गेला आणि हाफकिन पदावरून दूर झाले. प्रत्यक्षात, बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय त्याच बाटल्या भरताना प्रयोगशाळेत दोष राहिला असता, तर लस उघडताना दुर्गंधी आली असती, असे तज्ज्ञांनी दाखवून दिले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले व कलकत्त्यात पुन्हा रुजू झाले.

स्मारक

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. लोझान येथे त्यांचे निधन झाले.