डॉ. होमी जहांगीर भाभा

आपल्या मुंबापुरीचे नाव ज्या विद्वानांनी जगभर केले, त्यांत डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे स्थान फार वरचे आहे. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी येथील एका सुविद्य पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता व्हावे अशी वडिलांची इच्छा, तर मुलाचा ओढा गणिताकडे. यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणित शिकावे, अशी अट पडली. होमीने १९३० साली ती पुरी केली आणि मगच गणित हाती घेतले. यंत्र आणि गणित यांची हीच जोड पुढे देशाच्या कामी आली.

१९३१ साली त्यांच्या आत्या, लेडी मेहरबाई टाटा, रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय बांधण्यात येऊन ते १९४१ साली उघडले.

१९४५ साली डॉ. भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. तेथील तरुणांनी रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक गणकयंत्र स्वतः बांधले. १९६० साली ते कामास लागले व १९६२ साली त्यास टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्याच १९६२ साली परळचे रुग्णालय अणुशक्ती खात्याकडे आले, आणि १९६३ साली परळ येथेच किरणोत्सारी औषधांचे केंद्र निघाले. अशा औषधाची अल्प मात्रा रोग्यास देतात व त्यातून निघणाऱ्या किरणांवरून आतील अवयवाचे चित्र मिळवितात. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, आल्प्स पर्वतावर विमान कोसळून डॉ. भाभांचा अंत झाला.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९७१ साली, इंग्लंडात संगणकाच्या साहाय्याने रोग्याच्या मेंदूचा छेद दाखविणारे क्ष-किरणचित्र प्रथम घेण्यात आले. असे चित्र आपोआप उमटत नाही. अनेक कोनांतून किरणांची मोजमापे घेऊन प्रत्येक बिंदूची किंमत गणिताने काढावी लागते. आज एका छेदात बहुधा ५१२ ओळी व प्रत्येक ओळीत ५१२ बिंदू, म्हणजे २,६२,१४४ बिंदू असतात. टिफ्रॅकच्या स्मरणकोशात २,०४८ संख्या मावत. म्हणजे एका चित्रासाठी तसे १२८ कोश लागले असते! आजच्या यंत्रांत हजारो लहान गणकघटक एकाच वेळी निरनिराळ्या बिंदूंचा हिशेब करतात. शंभर उदाहरणे एका मुलाने सोडविण्याऐवजी शंभर मुलांनी एकेक सोडवावे, तसाच हा प्रकार. म्हणूनच रोग्याला निदानासाठी फार काळ तिष्ठावे लागत नाही.

हे दिवस पाहणे डॉ. भाभांच्या नशिबी नव्हते. परंतु यंत्रे परदेशातून आणून न थांबता ती बांधणारे हात येथेच तयार व्हावेत, याकरिता त्यांनी आयुष्य वेचले. परमेश्वर बुद्धी देतो ती जमिनीत पुरून ठेवण्यासाठी नव्हे. मुलांनो, गणिताचा कंटाळा येईल तेव्हा परळच्या रुग्णालयात आपल्या चित्राची वाट पाहत बसलेल्या रोग्याची आठवण ठेवा. तुमचे उदाहरण कदाचित त्याच्याच कामी येणारे असेल.