वकील लिंकन आणि बारा पंच

अमेरिकेंतील गुलामांचे मुक्तिदाते म्हणून अब्राहाम लिंकन ह्यांचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वीं ते दोन तपांच्या सुमारें वकील होते, आणि माणसाचें मन ओळखण्याची विद्या त्यांनीं कोर्टांत पक्की केली, हें थोड्यांसच माहीत असतें.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी संस्थानांत ओंडक्यांच्या झोंपडींत झाला. शाळेंत घालविलेले सारे दिवस जमेस धरले तरी एक वर्ष भरत नाहीं. बायबल, इसापनीति अशीं थोडींच पुस्तकें त्यांनीं पुनःपुन्हां वाचलीं, आणि लहानशा गोष्टींतून मोठा आशय पटविण्याची हातोटी त्यांस साधली. १८३६ सालीं इलिनॉय संस्थानांत सनद मिळाल्यावर ते फिरत्या कोर्टाबरोबर गांवोगांव घोड्यावरून हिंडूं लागले.

तेथें खटल्याचा निर्णय ज्यूरी, म्हणजे बारा नागरिकांचें पंचमंडळ, करीत असे. ह्या पंचांत शेतकरी, दुकानदार, कारागीर असत. लिंकन त्यांच्याशीं त्यांच्याच साध्या भाषेंत बोलत. प्रतिपक्षाचें जें खरें असेल तें ते मोकळ्या मनानें मान्य करीत. म्हणूनच ज्या एका मुद्द्यावर खटला अडलेला असे, तेथें त्यांच्या शब्दास वजन येई.

७ मे १८५८ रोजीं बिअर्ड्सटाउन येथें ह्या विद्येची कसोटी लागली. डफ आर्मस्ट्राँग नांवाच्या तरुणावर खुनाचा आरोप होता. लिंकन ह्यांच्या गरिबीच्या काळीं डफची आई हॅना हिनें त्यांस जेवूं घातलें होतें, त्यांचे फाटके कपडे शिवून दिले होते. आतां ती विधवा होती, आणि मुलाचे प्राण संकटांत होते. लिंकन ह्यांनीं फी न घेतां वकीलपत्र घेतलें.

मुख्य साक्षीदारानें रात्रीं अकराच्या सुमारास, कांहीं अंतरावरून, चंद्रप्रकाशांत मारहाण पाहिल्याचें सांगितलें. लिंकन त्याच्यावर रागावले नाहींत. उलट, चंद्र लख्ख होता हें त्याजकडून पुनःपुन्हां वदवून घेतलें. मग त्यांनीं पंचांग पुढें केलें. २९ ऑगस्ट १८५७ च्या त्या रात्रीं, त्या घटकेस, चंद्र मावळतीस आला होता! साक्षीचा आधार पंचांच्या डोळ्यांदेखत ढासळला. शेवटच्या भाषणांत त्यांनीं हॅनाच्या उपकारांची हकीकत सांगितली, तेव्हां त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले. पंचांनीं डफला निर्दोष ठरविलें.

पुढें १८६१ सालीं लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १५ एप्रिल १८६५ रोजीं मारेकऱ्याच्या गोळीनें त्यांचा अंत झाला.

विद्यार्थी मित्रहो, वक्तृत्वस्पर्धेस उभे राहतां तेव्हां हा क्रम ध्यानांत असूं द्या. लिंकन ह्यांनीं अश्रूंच्या आधीं पंचांग दाखविलें. पुराव्यावांचून नुसती करुणकथा सांगणें म्हणजे ऐकणाऱ्याच्या भोळेपणाचा फायदा घेणें होय. आणि नुसता पुरावा पुष्कळदां कानापाशींच थांबतो. प्रथम सत्य शोधावें, नंतर ऐकणाऱ्याच्या जागीं स्वतःस ठेवून तें सांगावें. मग शब्द साधे असले तरी ते मनास जाऊन भिडतात.