पंडिता रमाबाई आणि केडगावच्या विहिरी

पंडिता रमाबाई म्हटले की त्यांची विद्वत्ता, 'सरस्वती' ही पदवी आणि धर्मांतराचा वाद एवढेच बहुतेकांना आठवते. त्यांच्या आयुष्यात भुकेचा वाटा किती मोठा होता, हे सहसा ध्यानी येत नाही.

१८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या आईवडिलांसमवेत गेले. दक्षिणेतील दुष्काळात, १८७४ साली, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण अशी तिघेही काही महिन्यांच्या अंतराने निवर्तली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाले. झेलमच्या काठी, पांघरायला काही नसल्याने, वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन या भावंडांनी थंडीच्या रात्री काढल्या.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे त्या उपासमारीच्या दिवसांकडे त्या निराळ्या दृष्टीने पाहू लागल्या : आपण वाचलो ते ईश्वराने राखले म्हणून.

या श्रद्धेची कसोटी १८९६ मध्ये लागली. झाशी, समथर ज्यात मोडतात त्या बुंदेलखंडात आदल्या वर्षापासूनच पाऊस हुलकावणी देत होता. आता मध्य प्रांतही दुष्काळाने होरपळला. शारदा सदनाला अमेरिकेतून मिळालेल्या दहा वर्षांच्या साहाय्याची मुदत संपत आली होती. व्यवहार पाहता एकही नवी मुलगी घेणे शहाणपणाचे नव्हते. तरीही रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. उपाशी मुलींमध्ये त्यांना स्वतःचे बालपण दिसले असणार. ब्रिस्टल येथे केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ बालके सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्रही त्यांनी वाचले होते.

केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. ही श्रद्धा हातावर हात ठेवून बसणारी मात्र नव्हती. तेथे शेती होती, विणकाम, तेलघाणा आणि छापखानाही होता.

१९०० च्या दुष्काळात आश्रमातील माणसे दोन हजारांच्या घरात गेली. शिवाय शंभरावर गुरे. विहिरी दोनच, त्याही उथळ. संध्याकाळी तळ उघडा पडे. सकाळी मात्र दिवसभर पुरेल इतके पाणी पुन्हा भरलेले असे, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे.