पोटातल्या खळग्याचा शोधकर्ता

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ‘गुल्म’ म्हणजे झुडूप. पण आयुर्वेदात पोटातल्या गोळ्यालाही गुल्मच म्हणतात. पोटात दडलेले दुखणे वरून चाचपून ओळखण्याची धडपड आपल्याकडे अशी फार जुनी. त्याच पोटाचा आतला नकाशा नीट मांडणारा एक माणूस तीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये होऊन गेला. त्याचे नाव जेम्स डग्लस.

१६७५ साली स्कॉटलंडमध्ये एका मोठ्या कुटुंबात तो जन्मला. फ्रान्समध्ये वैद्यकीची पदवी घेऊन तो लंडनला आला. शरीररचना शिकवू लागला, बाळंतपणेही करू लागला. १७०६ साली रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, पुढे राणी कॅरोलाइनचा वैद्य.

माणूस डोळसही तितकाच. १७२६ साली मेरी टॉफ्ट नावाच्या बाईने सशांना जन्म दिल्याची आवई उठली. राजदरबारचा शल्यवैद्यही फसला. डग्लसचा मात्र विश्वास बसला नाही. बाईवर पहारा बसला आणि अखेर तिने लबाडी कबूल केली.

त्याचे मोठे काम म्हणजे पोटातील अवयवांना वेढणाऱ्या पातळ पडद्याचा, उदरावरणाचा अभ्यास. हा पडदा अखंड असतो आणि कुठे कसा वळतो, हे त्याने शवविच्छेदनातून पाहिले व १७३० साली ग्रंथात मांडले. पडद्याला धक्का न लावता ओटीपोटावरून भरलेल्या मूत्राशयापर्यंत पोहोचता येते, हे त्याने ओळखले होते. त्याचा भाऊ जॉन याने त्याच वाटेने मुतखडे काढले.

स्त्रीच्या गर्भाशयामागे, गुदाशयापुढे हा पडदा खाली उतरून खळगा करतो. तोच ‘डग्लस पाऊच’. रानातल्या सखल कोपऱ्यात पाणी साचावे, तसे पोटातले रक्त वा पू इथे उतरतो. गर्भ नळीत राहून नळी फुटली, तर सोनोग्राफीत डॉक्टर हा खळगा आवर्जून पाहतात. म्हणून पाळी चुकलेल्या लेकीसुनेच्या पोटात अचानक कळ येऊन चक्कर आली, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नये. तडक दवाखाना गाठावा.

१७४२ साली डग्लस गेला. अखेरच्या दिवसांत त्याच्या घरी राहून शिकलेला विल्यम हंटर पुढे थोर शरीरशास्त्रज्ञ झाला. आज रिसोड-कारंज्याकडची एखादी बाई वेळेवर निदान होऊन सुखरूप घरी परतते. तिला डग्लसचे नाव ठाऊक नसते, पण तिच्या डॉक्टरांना असते.