फ्रँक पर्सी स्मिथ : कळीचें फूल होतांना दाखविणारा कारकून

विद्यार्थिमित्रहो, कळीचें फूल होतांना तुमच्यापैकीं किती जणांनीं पाहिलें आहे? सायंकाळीं पाहावें तों कळी मिटलेली असते. सकाळीं पाहावें तों फूल उमललेलें असतें. मधल्या वेळांत काय घडलें तें आपणांस कळत नाहीं. तें इतक्या सावकाश घडतें कीं, आपली दृष्टि तें पकडूं शकत नाहीं. ही सावकाश चालणारी क्रिया सामान्य लोकांना चित्रपटगृहांत बसून पाहतां यावी म्हणून ज्यांनीं आपलें सारें आयुष्य वेंचलें, त्या एका इंग्रज गृहस्थांचें चरित्र आज सांगावयाचें आहे.

फ्रँक पर्सी स्मिथ यांचा जन्म १८८० सालीं लंडन येथें झाला. चौदाव्या वर्षींच शाळा सोडून ते सरकारी शिक्षणखात्याच्या कचेरींत कारकुनी करूं लागले. दिवसभर कागद लिहावे, फायली लावाव्या आणि घरीं यावें, हा त्यांचा क्रम. परंतु पुष्कळांचा दिवस जेथें संपतो तेथें स्मिथ यांचा खरा दिवस सुरू होई. सूक्ष्मदर्शक यंत्र हा त्यांचा जिवलग सोबती होता. कोळी या प्राण्याचा त्यांनीं विशेष अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाची आवड असलेल्या लोकांचें क्वेकेट क्लब नांवाचें एक मंडळ लंडनमध्यें होतें. त्याच्या नियतकालिकाचें संपादनही ते करूं लागले. पडद्यावर चित्रें दाखवून ते व्याख्यानेंही देत. विद्यापीठाची कोणतीही पदवी नसलेल्या या कारकुनानें आपलें शिक्षण असें स्वतःच पुरें केलें.

हलत्या चित्रांच्या साहाय्यानें शाळांतून सृष्टिशास्त्र उत्तम रीतीनें शिकवितां येईल, असें त्यांच्या मनांत आलें. ते ज्या कचेरींत नोकरीस होते ती शिक्षणाचीच कचेरी. तेव्हां हा विचार तेथें तरी कोणी मनावर घेईल अशी त्यांना आशा होती. परंतु वरिष्ठांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. स्मिथ यांनीं मात्र आपला नाद सोडला नाहीं.

माशीच्या जिभेचें त्यांनीं काढलेलें एक मोठें छायाचित्र चार्ल्स अर्बन यांच्या पाहण्यांत आलें. अर्बन हे जन्मानें अमेरिकन असून लंडनमध्यें चित्रपटांचा धंदा करीत. त्यांनीं स्मिथ यांच्या हातीं कॅमेरा दिला. १९०८ सालीं स्मिथ यांनीं एका माशीचा चित्रपट तयार केला. माशी उताणी धरलेली आहे आणि आपल्या पायांनीं ती काडी, बूच, गोळा अशा वस्तु डोंबाऱ्याप्रमाणें गरगर फिरवीत आहे, असें त्यांत दिसे. लोक थक्क झाले. कोणी म्हणाले, ही हातचलाखी आहे. कोणी म्हणाले, हा मुक्या जिवाचा छळ आहे. स्मिथ यांनीं उघडपणें खुलासा केला. माशीला कांहींही शिकविलेलें नव्हतें. ती चालण्यासाठीं पाय हालविते, तसेच उताणी असतांही हालविते. पायाखालीं जमीन नसल्यामुळें वस्तूच फिरूं लागते. काम झाल्यावर माशीला इजा न करतां सोडून देण्यांत येई. लोकांना चमत्कार म्हणून झुलवीत ठेवणें सोपें होतें. त्यांनीं चमत्कारामागचें कारण सांगितलें.

१९०९ सालीं कोळ्याचीं पिलें हवेंतून कशीं प्रवास करतात हें त्यांनीं दाखविलें. पिलूं उंच जागीं चढून बारीक तंतु वाऱ्यावर सोडतें, आणि वारा त्या तंतूसह त्याला उचलून नेतो. यासाठीं त्यांनीं कोळ्याची एक प्रतिकृति केली आणि ती थोडी थोडी हालवून चित्रें घेतलीं. ज्या प्राण्याची लोकांना किळस येते, त्याचें कौशल्य लोकांस दाखवावें हा त्यांत हेतु होता.

पुढील वर्षीं, म्हणजे १९१० सालीं, त्यांनीं कारकुनी सोडली आणि फुलांच्या उमलण्याचा तो प्रसिद्ध चित्रपट पुढें आणला. त्याची युक्ति समजण्यास थोडें गणित पुरे. समजा, एक कळी उमलण्यास २४ तास लागतात. दर पांच मिनिटांस एक याप्रमाणें तिचीं २८८ छायाचित्रें घेतलीं. मूकपटाचीं चित्रें पडद्यावर सेकंदास सुमारें १६ या वेगानें सरकत. म्हणजे २४ तासांची हालचाल १८ सेकंदांत डोळ्यांपुढून जाते! ऐकण्यास हें सोपें वाटतें. परंतु प्रत्येक चित्राच्या वेळीं उजेड सारखाच हवा, कॅमेरा केंसभरही हलतां कामा नये, आणि रोप तर उजेडाच्या दिशेनें वाकत असतें. मध्येंच यंत्र अडलें कीं सारे कष्ट वायां. तें फूल कांहीं पुन्हा कळी होत नाहीं.

याच सुमारास, १९१२ सालीं, आपल्या दादासाहेब फाळके यांनींही मुंबईस कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ अशाच पद्धतीनें टिपली होती, हें येथें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. हिंदी चित्रपटसृष्टीच्या जनकाचे आरंभीचे धडेही एका अंकुरापाशींच झाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत स्मिथ यांनीं युद्धाचे हलते नकाशे तयार केले. पुढें १९२२ पासून १९३३ पर्यंत निसर्गाचीं रहस्यें उलगडणारी लहान लहान चित्रपटांची एक मालिका इंग्लंडांत निघाली. तिच्यांतील वनस्पतींचे व सूक्ष्म जीवांचे अनेक चित्रपट त्यांचे आहेत. हें काम मोठ्या स्टुडिओंत झालें नाहीं. लंडनच्या साउथगेट भागांतील राहतें घर हीच त्यांची प्रयोगशाळा. ग्रामोफोनच्या सुया, दारांच्या मुठी, मुलांच्या खेळण्यांतील लोखंडी पट्ट्या, असें जें हाताशीं येई त्यांतून ते आपलीं यंत्रें जुळवीत. रात्रीं एखादें यंत्र बिघडल्यास घंटा वाजावी अशी योजना त्यांनीं घरभर केली होती. ती वाजली कीं झोपेंतून उठून दुरुस्तीस लागावयाचें. बुरशीसुद्धां त्यांच्या घरीं सन्मानाची पाहुणी होती. कुजक्या लाकडावर चिकट थरासारखा दिसणारा एक जीव अन्न शोधीत कसा सरकतो आणि शेवटीं इवल्याशा देठांवर बीजकोश कसे उभारतो, हें त्यांनीं १९३१ सालच्या एका चित्रपटांत दाखविलें. जी वस्तु उपद्रवी वाटते तिचा चित्रपट केला म्हणजे ती सुंदर दिसूं लागते, असा त्यांचा अनुभव होता.

ज्ञानाचें औषध करमणुकीच्या मुरांब्यांतून द्यावें, हें त्यांचें धोरण होतें. पण मुरांब्यासाठीं औषधांत भेसळ करणें त्यांना मान्य नव्हतें. मेरी फील्ड या बाईंच्या सहकार्यानें १९३४ सालीं त्यांनीं या मालिकेविषयीं एक ग्रंथ लिहिला. १९४१ सालीं चित्रपट व जीवशास्त्र यांसंबंधीं दुसऱ्या एका ग्रंथाच्या लेखनांतही त्यांचा भाग होता. १९४५ च्या मार्च महिन्यांत ते निवर्तले. तरी त्यांचें काम विसरलें गेलें नाहीं. २०१६ सालीं त्यांच्याच जुन्या चित्रांना नवें संगीत देऊन एक चित्रपट करण्यांत आला, आणि नव्या पिढीनें तीं फुलें पुन्हा उमलतांना पाहिलीं.

मुलांनो, या चरित्रापासून काय घ्यावयाचें? कांचेच्या पेल्यांत ओल्या कापसावर एक वाल ठेवा आणि पंधरा दिवस रोज ठरलेल्या वेळीं त्याचें चित्र काढा. एकही दिवस चुकवूं नका. शास्त्राचा आरंभ महागड्या यंत्रापासून होत नाहीं, नेमानें पाहण्यापासून होतो.

पालकांनाही नम्रपणें एक सांगावेंसें वाटतें. मुलाच्या प्रगतिपुस्तकावरील आंकडे पाहून तें जागच्या जागींच आहे, असें आपणांस पुष्कळदां वाटतें, आणि आपण त्यास बोलतों. आम्हां शिक्षकांच्या हातूनही ही चूक घडते. कळी मिटलेली दिसते, तेव्हांही ती हालतच असते. आपणांस तें दिसत नाहीं, एवढेंच. स्मिथ यांनीं कोणतीही कळी बोटानें उघडली नाहीं. तिला पाणी व उजेड दिला, आणि जागे राहून वाट पाहिली.