मृत्युंजय स्वामी कोणाचे?

मृत्युंजय स्वामी म्हणजेच शाह मुंतोजी बहमनी. परंपरेनुसार ते बिदरच्या बहमनी राजकुलातले. ज्या कल्याणनगरीत शरणांचा अनुभवमंटप भरला, तेथेच बसवण्णांनंतर काही शतकांनी त्यांना सहजानंद हे गुरू लाभले आणि मृत्युंजय हे नाव मिळाले. त्यांच्या वैराग्याच्या चमत्कारकथा आपण कीर्तनांतून ऐकल्या असतील. त्या येथे सांगत नाही.

सिद्धसंकेतप्रबंध, अनुभवसार हे त्यांचे मराठी ग्रंथ. परंतु आपण विशेष पाहावे ते त्यांचे पंचीकरण. वेदान्तातील पारिभाषिक शब्द आणि त्यांच्या जोडीचे सूफी साधनेतील शब्द त्यांनी तेथे शेजारी शेजारी मांडले.

आता आपण परधर्माशी तुलना कशी करतो ते पाहा. आपल्याकडचे घेताना दासोहाची पंगत घेतो, शरणांची करुणा घेतो. शेजाऱ्याचे घेताना गल्लीतले भांडण घेतो. तागडी एक, मापे दोन! शेजारीही आपल्याविषयी तेच करतो, ही गोष्ट निराळी. मृत्युंजयांनी साधनेसमोर साधनाच ठेवली. म्हणून दोन्ही धर्म एकच झाले असे मात्र समजू नये. इष्टलिंगपूजा ती इष्टलिंगपूजा, नमाज तो नमाज. त्यांची सरमिसळ करणे सोपे असते आणि त्यात दोघांचाही अनादर होतो.

मृत्युंजय कोणाचे, हा वाद अजून चालतो. कोणी त्यांना कादरी सूफी म्हणतात, कोणी केवळ आपले. बसवण्णांचे ते प्रसिद्ध वचन आठवा. तेथे बसवण्णा स्वतःच याचक आहेत. आपल्याला कोणी परका न मानता घरचा मानावे, हे मागणे ते संगमदेवापाशी मागतात. ते वचन रोज म्हणणाऱ्याने या वादात कोणती बाजू घ्यावी?

बिदरजवळ अष्टूर येथे अहमदशाह वली बहमनी (मृत्यू १४३६) यांची कबर आहे. त्यांच्या उरुसाला परंपरेने माडियाळचे जंगम येतात, आणि भक्त त्या सुलतानास अल्लमप्रभूंचे रूप मानतात. हे कोणा पंडिताने ठरवून दिलेले नव्हे.

मृत्युंजयांची समाधी कल्याणजवळच नारायणपूरला आहे. बसवकल्याणच्या यात्रेस जाल तेव्हा तेवढी वाट वाकडी करावी.