एका छपराचे दोन भाव : जोसेफ पॅक्स्टन

'एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग'चं सबमिशन म्हणजे आदल्या रात्री शेजारच्या रूममधून शीट मागून आणायची आणि सकाळी सही घ्यायची. हॉस्टेलमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे, बहुधा सरांनाही. पण ज्याच्या एका कामाचं टेंडर खरोखर वाचण्यासारखं आहे, तो माणूस इंजिनियर नव्हताच. तो माळी होता.

जोसेफ पॅक्स्टनचा जन्म १८०३ मध्ये इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. भावंडं पुष्कळ, शिक्षण बेताचंच. लंडनजवळच्या चिझिक इथल्या बागेत काम करताना शेजारच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरची नजर त्याच्यावर पडली आणि १८२६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो चॅट्सवर्थच्या बागांचा मुख्य माळी झाला. पहिल्याच दिवशी पहाटे साडेचारला तो तिथे पोचला, फाटक बंद म्हणून भिंतीवरून आत उतरला, माणसांना कामाला लावलं आणि नाश्त्याच्या वेळी हाऊसकीपरच्या भाचीच्या, सारा बाउनच्या प्रेमात पडला. ही हकीकत त्याने स्वतःच सांगितलेली आहे, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला. लग्न मात्र १८२७ मध्ये खरंच झालं.

चॅट्सवर्थला त्याने काचेची घरं बांधली आणि त्यातच त्याचं इंजिनियरिंगचं कॉलेज झालं. त्याचं छप्पर सरी-वरंब्यासारखं होतं. लांबून सपाट दिसायचं, पण जवळून पाहिलं तर काचेचे छोटे छोटे उतार आणि मधे पन्हळी. कल्पना मूळ त्याची नव्हती, पण ती कामाची त्याने केली. पन्हळीला वर पावसाच्या पाण्याची खाच आणि दोन्ही बाजूंना आतून काचेवर जमणाऱ्या दवाच्या खाचा. खालून लोखंडी सळई ताणून पन्हळ मधे किंचित उचललेली, म्हणजे पाणी दोन्ही टोकांकडे पळणार आणि पोकळ खांबातून खाली उतरणार. पन्हळ, तुळई आणि ड्रेनेज तिन्ही एकाच वस्तूत!

१८५० मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये जागतिक प्रदर्शन भरवायचं ठरलं. दोनशेहून जास्त डिझाइन्स आली, समितीने सगळी नाकारली आणि स्वतःचंच एक काढलं. विटांचं अवाढव्य बांधकाम, वर लोखंडी घुमट. उद्घाटन मे १८५१ मध्ये. एवढ्या विटा वेळेत रचणार कोण? ११ जून १८५० रोजी डर्बीला रेल्वेच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या पॅक्स्टनने टीपकागदावर एक चित्र काढलं. साधारण नऊ दिवसांत नकाशे तयार.

पण चित्रावर कोणी पैसे देत नाही. 'फॉक्स, हेंडरसन अँड कंपनी' या ठेकेदारांनी समितीच्या डिझाइनमधली सुधारणा म्हणून पॅक्स्टनचं डिझाइन टेंडरमध्ये घातलं. हाती जेमतेम आठवडा. सुमारे १८ एकरांच्या छपराचा भाव एका आठवड्यात कसा काढायचा? सगळी इमारत २४ फुटांच्या चौकटीवर बेतलेली होती. एका चौकटीतले खांब, तुळया, पन्हळी आणि काचा मोजल्या की उरलेला बराचसा गुणाकार. काच ४९ इंच बाय १० इंच, एकाच मापाची. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला होता, नाहीतर सुमारे ४०० टन काचेचा हिशेब जुळलाच नसता.

टेंडरमध्ये आकडे दोन होते. इमारत विकत घ्यायची तर १,५०,००० पौंड. प्रदर्शनानंतर सगळं साहित्य ठेकेदाराने परत न्यायचं असेल, तर ७९,८०० पौंड. म्हणजे घनफुटाला अर्ध्या पेनीहून किंचित जास्त. मला हे फार आवडलं. त्यांनी छप्पर विकलंच नाही, भाड्याने दिलं! इमारत तात्पुरती आहे ही अडचण सगळ्यांना दिसत होती, यांनी ती भावात धरली.

जोखीमही मोठी होती. जुलैअखेर जागा ताब्यात घेतली, पहिला खांब सप्टेंबरमध्ये उभा राहिला आणि करारावर सही झाली ऑक्टोबरच्या शेवटी. काचा बसवणारे कामगार पन्हळींवरून धावणाऱ्या गाड्यांत बसून पुढे सरकायचे. ८० माणसांनी एका आठवड्यात १८,००० हून जास्त काचा बसवल्या. पार्कातली एल्मची झाडं तोडू नयेत म्हणून मधे कमानीचं छप्पर आलं, जादा कामं निघाली आणि शेवटचं बिल टेंडरच्या वर गेलं. छप्पर गळलंसुद्धा. तरी १ मे १८५१ रोजी उद्घाटन झालं आणि पॅक्स्टन 'सर' झाला.

१८५२ मध्ये एका नव्या कंपनीने तेच साहित्य ७०,००० पौंडांना विकत घेतलं. ७९,८०० मध्ये ७०,००० मिळवून बघा, दुसरा आकडा जवळजवळ जसाच्या तसा येतो.

त्याच साहित्यातून पॅक्स्टनने सिडनहॅमला नवा, आणखी मोठा महाल उभारला. या वेळी कमानी वाढल्या, कारंजी आली, पाण्याचे मनोरे आले. अंदाज पाच लाख पौंडांचा, खर्च तेरा लाखांच्या पुढे. फॉक्स-हेंडरसन १८५६ मध्ये बुडाले. पॅक्स्टन १८५४ पासून कॉव्हेंट्रीचा खासदार होता. ८ जून १८६५ रोजी सिडनहॅमलाच, त्या महालाशेजारच्या घरात तो वारला. त्याला पुरलं मात्र चॅट्सवर्थजवळच्या एडन्सर गावात. महाल ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळाला.